रवळूची जाळी अर्धा इंच मोठी

चौतीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही, हे रवळू दिवसातून दोनदा तरी सांगायचा. ऐकायला मीच सापडायचो. मी शामू, बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, एका फाउंड्रीतला मोल्डर. त्याच्या कंपनीची पॅटर्न शॉप आणि आमची शेड यांच्यामध्ये एक पत्रा, आणि त्या पत्र्यालाही भोक पडलेलं. त्यामुळे त्याचं सगळं आयुष्य मी फुकटात ऐकलेलं आहे.

पॅटर्न म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढं तुम्ही मला थांबवणार. जो भाग लोखंडात हवा असतो त्याची हुबेहूब लाकडी नक्कल करायची, तो पॅटर्न. आम्ही मोल्डर तो मातीत दाबतो, अलगद वर काढतो आणि राहिलेल्या खळग्यात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस ओततो. बीड गार झालं की माल गिऱ्हाइकाकडं जातो आणि पॅटर्न जातो स्टोअरच्या फळीवर. तिथं धूळ खात पडायचं, एवढंच त्याचं नशीब. रवळू म्हणजे या कामातला वाघ. खानापूरच्या बाजूच्या खेड्यातनं आलेला, हातात पटाशी घेऊन जन्मल्यागत. पंपाचं वाकडंतिकडं पोट असो नाहीतर गिअरचा डबा, त्याच्या पॅटर्नवर कुणी बोट ठेवलं नाही.

तो रिटायर झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी कंपनीत मशीन आलं. आता पॅटर्न मशीनच कापतं, लाकूडही लागत नाही. स्टोअर रिकामं करायचं ठरलं. रवळू सहज कुणाला तरी भेटायला गेटवर गेला होता आणि नेमका टेम्पो बाहेर पडत होता. चौतीस वर्षांचे पॅटर्न त्यात भरलेले. बेकरीच्या भट्टीला चालले होते.

त्या संध्याकाळी तो मजगावात माझ्या कट्ट्यावर येऊन बसला. चहा दिला, प्याला नाही. म्हणाला, "शामू, आपन जलमभर सरपन केलं रं."

मी म्हटलं, "तू केलंस. मी माती केली." हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"एक तरी वस्तू करनार मी," तो म्हणाला. "पॅटर्न न्हाय. वस्तू. जितं लावली तितं ऱ्हानारी. माज्या हातचं लाकूड कुनाच्या तरी डोळ्याम्होरं ऱ्हायला पायजे."

आता करणार काय, पोळपाट? मी असं विचारलंही. पण माणूस हट्टाला पेटला की त्याला काम आपोआप सापडतं. दिवाळी झाल्यावर तो कसल्याशा कागदासाठी बेळगावात ऑफिसला गेलता. काम झालं नाही, उद्या या म्हणाले, म्हणून गल्लीबोळातनं चालत स्टँडकडं निघाला. वाटेत एक जुनी मशीद लागते. बेळगावची मशीद म्हटलं की लोक किल्ल्यातली सांगतात. ही ती नव्हे. ही गल्लीतली, दुकानांच्या मागं दडलेली. तिच्या खिडकीला एक म्हातारा माणूस प्लायवूड ठोकत होता.

रवळूला प्लायवूड म्हणजे साक्षात शिवी. तो रस्त्यातनंच म्हणाला, "ह्ये काय करतायसा?"

"खिडकी बंद करतोय. दिसतंय न्हवं?"

"प्लायवूडनं?"

"मग काय, चांदीनं करू?"

हे दस्तगीरसाब. मशिदीचे मुतवल्ली, म्हणजे तिची सगळी देखभाल बघणारे. वय पंचाहत्तरच्या पुढं, जीभ पंचविशीतली. दोघं पाच मिनिटं भांडले, मग दस्तगीरसाब म्हणाले, "एवडं कळतंय तर आत या. पाय धुवा आधी." रवळू पाय धुऊन आत गेला तो दीड तासानं बाहेर आला. शेवटची बस चुकली आणि मी त्याला गाडीवरनं आणायला गेलो.

त्या मशिदीनं त्याला येड लावलं. नंतर मलाही दोन-तीनदा ओढत नेऊन दाखवली. पुढं पाच कमानी, आत खांबांच्या दोन रांगा, वर तीन बुटके घुमट. मला आधी वाटलं, गल्लीच वाकडी आहे. रवळूनं दोरी लावून दाखवलं की गल्ली सरळ आहे, मशीदच गल्लीला जुमानत नाही. तिची मागची भिंत मक्केतल्या काब्याच्या दिशेला बघत बांधलेली, म्हणजे आपल्याकडनं पश्चिमेला, जरा उत्तरेकडं कलती, आणि दुकानं नंतर येऊन जशी जागा मिळाली तशी चिकटली. त्या भिंतीत मधोमध एक कोनाडा, मेहराब म्हणतात त्याला. नमाजाला सगळ्यांची तोंडं तिकडं. कोनाड्याच्या वर चुन्यातली पानंफुलं, इतकी बारीक की वाटतं, कुणी चमच्यानं केलीत.

कमानींचं तर त्यानं मला गणितच शिकवलं. टोकदार कमान काढायला दोन खुंट्या आणि एक दोरी पुरते. दोन्ही खुंट्यांवरनं एकेक वळसा मारायचा, वळसे वर जिथं भेटतात तिथं टोक. पाची कमानींना त्यानं स्वतःची दोरी लावून बघितली. पाची रुंदीला वेगळ्या, पण वळसा एकच. "एकाच दोरीनं काडल्यात शामू," तो म्हणाला, "एकाच मिस्त्रीनं. दोरी कुनाला दिली न्हाय त्यानं."

खांब मात्र मी आमच्याकडच्या जुन्या देवळांत बघितलेले, तसेच. खाली चौकोनी, वर गोल, मध्ये कंगोरे. दस्तगीरसाब म्हणाले, यावर दोन प्राध्यापक त्यांच्यासमोर भांडून गेले. एक म्हणतो खांब आधीच्या कुठल्या इमारतीचे, एक म्हणतो मशिदीबरोबरच घडवलेले. बांधलेल्या सालाचा दगड नाही. आदिलशाहीतली, असं दस्तगीरसाबांचे आजोबा सांगायचे, आणि आजोबांना कुणी सांगितलं ते कुणाला ठाऊक नाही. रवळूचं मत विचारलं तर तो खांबावर हात फिरवत म्हणाला, "पाथरवट हितलाच. त्येला मशीद सांगितली, देऊळ सांगितलं, हात त्योच की."

आणि जाळ्या. दोन्ही बाजूंच्या भिंतींत चार-चार खिडक्या, आठही सागवानी जाळ्यांच्या, आठही नक्ष्या वेगळ्या. दक्षिणेकडची एक पावसानं कुजून अर्धी गळून पडली होती. तीच प्लायवूडखाली जाणार होती. रवळूनं उरलेला अर्धा भाग कागदावर घासून उतरवला, कंपासानं वर्तुळं टाकली आणि गेलेला अर्धा शोधून काढला. एक वर्तुळ, त्याचे सहा भाग, त्यातनं चांदण्या, आणि कडेनं बोटभर रुंदीची वेल. तो कागद त्यानं मला असा दाखवला, जसा कुणी नातवाचा फोटो दाखवतो.

"रमजानच्या आदी बसवतो," त्यानं दस्तगीरसाबांना शब्द दिला. मजुरी घेणार नाही म्हणाला. दस्तगीरसाबांनी विचारलं, "मग काय घेनार?" तर म्हणाला, "खिडकी."

तीन महिने तो घराबाहेर पडला नाही. खानापुरातनं जुन्या सागवानाच्या फळ्या आणल्या, चार फळ्या सांधून चार फूट उंच आणि अडीच फूट रुंद पाट केला, आणि घराच्या पुढच्या सोप्यात बसून एकेक भोक कोरायला लागला. त्याच्या बायकोचा, यशोदावैनींचा, संसार भुशात गेला. मी गेलो की त्या आमटीची वाटी माझ्यापुढं ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बगा भावजी, साग हाय. लई दिस टिकंल पोटात." पण दुपारी तो जरा कलंडला की याच वैनी जाळीवरचा भुसा पदरानं झाडायच्या. ते मी बघितलेलं आहे.

जाळी झाली. खरं सांगतो, मी त्याच्या कामाला कधी तोंडावर चांगलं म्हटलेलं नाही, शेफारतो तो. पण ती बघितली आणि गप्प बसलो. माझा गप्प बसलेला चेहरा बघून तोच हसला.

रमजानला बारा-तेरा दिवस होते. गुरुवारी सकाळी टेम्पोतनं जाळी नेली. बसवायला भरमू गवंडी आला होता, चुन्याच्या कामातला जुना माणूस. खालची कड चौकटीत ठेवली, वर ढकलली. जाळी वर अडली.

"बसत न्हाय मिस्त्री," भरमू म्हणाला.

"नीट धर."

"नीटच धरलिया."

उतरवली, फिरवली, परत चढवली. अडली. बाजूनंही अडली. रवळूनं दस्तगीरसाबांचा टेप मागून घेतला आणि खिडकी मोजली. चार फूट. जाळी मोजली. चार फूट अर्धा इंच. मग त्यानं आपल्या पिशवीतनं स्टीलची पट्टी काढली आणि जाळीला लावली. पट्टी म्हणत होती, चार फूट. त्यानं पट्टी आणि टेप शेजारी शेजारी धरले. दोन्हींचे फूट जुळेनात.

मला कळलं, बाकीच्यांना नाही. बीड गार होताना आकसतं. फुटाला एक दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, त्याला आकुंचन धरणं म्हणतात. दरवेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात लांबवलेली असते, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. दिसायला साध्या पट्टीसारखीच. रवळू रिटायर होताना घरी घेऊन आला ती तीच पट्टी. घरात दुसरी पट्टी नव्हतीच. खिडकी त्यानं मोजली दस्तगीरसाबांच्या टेपनं, आणि तीन महिने लाकूड कापलं लांब पट्टीनं.

"चूक माजी हाय," रवळू म्हणाला. चौतीस वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले.

दस्तगीरसाब म्हणाले, "त्यात काय एवडं? कडंनं रंधा मारा, बसंल."

"कडंला वेल हाय. अर्दी वेल कापायची?"

"मग चौकट खरवडू."

भरमूनं मान हलवली. चौकटीच्या आतनं जुन्या चुन्याची नक्षी होती, छिन्नी लावली असती तर सगळीच गळून आली असती. तो म्हणाला, "ह्याला म्या हात लावनार न्हाय. दुसरा कुनी बोलवा."

आता माझी चूक सांगतो. जाळी उन्हाकडं धरून बघताना मला आणखी एक गोष्ट दिसली आणि मी मोठ्यानं हसलो. पॅटर्न मातीतनं वर काढताना माती मोडू नये म्हणून प्रत्येक भोकाला थोडा उतार ठेवतात, एका बाजूला जरा रुंद, दुसऱ्या बाजूला जरा अरुंद. खिडकीच्या जाळीला असल्या उताराचं काय काम? पण रवळूनं दोनशेच्या वर भोकांपैकी एकही न सोडता उतार दिला होता. "आरं रवळ्या," मी म्हटलं, "तू जाळी केलीच न्हायस. पॅटर्नच केलायस की रं."

कुणी हसलं नाही. रवळूनं माझ्याकडं बघितलं आणि चालू लागला. चपला मशिदीच्या दारातच राहिल्या, तसाच अनवाणी स्टँडवर गेला. मी त्या चपला आणि ती जाळी टेम्पोत घालून घरी आणली. वाटभर स्वतःला शिव्या घातल्या.

दोन दिवस तो बोलला नाही. शनिवारी मी सरळ जाऊन त्याच्यासमोर बसलो. "ऐक. आमच्या फाउंड्रीत मंगळवारी भट्टी लागनार हाय. मालकाला म्या इचारलंय, व्हय म्हनालाय. ही जाळी दे माज्याकडं. बिडात ओततो. आकसून बरोब्बर खिडकीच्या मापात येईल, दोरा इकडं न्हाय, तिकडं न्हाय. उतार हाय म्हनून मातीतनं सुटंल बी झकास. वर पावसाला लाकडापरास बीडच बरं."

"म्हंजे परत पॅटर्नच."

"व्हय."

"आनि लाकडाचं काय?"

आतनं यशोदावैनी म्हणाल्या, "तीन म्हैनं भुसा खाल्लाय म्या. त्या लोकांची खिडकी उगडी ऱ्हानार आसंल तर सांगा, तुमालाच न्हिऊन तितं हुबं करते." रवळू उठून परसात गेला.

रविवारी सकाळी मी गेलो तर तो जाळीला पिवळा रंग देत होता. पॅटर्नला द्यावाच लागतो, माती चिकटत नाही. सोप्यात ऊन आलं होतं आणि सागाच्या रेघा ब्रशखाली एकेक करून झाकल्या जात होत्या. लाकूड पसंत करताना याच रेघांसाठी त्यानं वखारवाल्याला अर्धा दिवस छळलं होतं. मी पायरीवर बसून राहिलो. थट्टा करायची एक जागा नव्हती. रंग देऊन झाल्यावर तो म्हणाला, "कोपऱ्यात दुसरा हात मारायचा हाय, मग ने."

मंगळवारी तो फाउंड्रीत आला. मातीतनं पॅटर्न उचलायचं काम मोल्डरचं, आणि मी ते कुणाला करू देत नाही. त्या दिवशी त्याला दिलं. दोन्ही हातांनी त्यानं जाळी सरळ वर घेतली. मातीचा एक कण मोडला नाही. मग आम्ही मातीची पेटी बंद केली, रस ओतला. बुधवारी घासूनपुसून, काळा रंग मारून जाळी तयार. वजन पाऊणशे किलोच्या आसपास.

गुरुवारी चौघांनी उचलून चौकटीला लावली. भरमूनं खालनं हातानं नुसतं ढकललं. जाळी आत गेली. कडेनं पोस्टकार्ड जाईल एवढी फट, सगळीकडनं सारखी. भरमूनं मोजायचं म्हणून बोट फिरवलं. दस्तगीरसाब म्हणाले, "बसली." आतल्या फरशीवर उन्हाच्या चांदण्या पडल्या होत्या. ते त्यांच्यावर पाय पडणार नाही असे बाजूनं चालले.

रवळूनं आत जाऊन बघितली. चांगली झालीय, एवढं म्हणाला. तो खूश होता, आणि नव्हताही. मला दोन्ही दिसत होतं. मग बाहेर आला. टेम्पोत ती लाकडी जाळी पालथी पडली होती, रंगाला मातीचे डाग लागलेली. त्यानं तिच्याकडं न बघता ड्रायव्हरला सांगितलं, "वाटंत बेकरी लागती न्हवं, तितं टाक ह्ये."

"कुनाला इचारून?" मागनं दस्तगीरसाब आले होते.

"माजंच हाय त्ये."

"हुतं. मशिदीसाटी केलासा का न्हाय? मग वक्फ झालं. वक्फ म्हंजे एकदा दिलं की दिलं. इकायचं न्हाय, जाळायचं न्हाय, कुनाला बक्षीस द्यायचं न्हाय. तुमी मागितलं तरी मिळनार न्हाय. उतरवा त्ये खाली."

रवळूनं विचारलं, "किती दिस ठेवनार?"

"मशीद हाय तंवर."

रवळू पायरीवर बसला आणि रडला. तोंड झाकलं नाही, काही नाही. मी त्याच्या शेजारी बसलो. दस्तगीरसाबांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि भरमूला ओसरीतल्या भिंतीत चार खुंट्या मारायला सांगितलं. हौदाच्या समोर, हात-पाय धुताना प्रत्येकाला दिसेल अशा जागी.

लाकडी जाळी तिथं टांगली. दस्तगीरसाबांनी काळ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश पुढं केला. "नाव लिवा मिस्त्री."

त्यानं ब्रश घेतला. जाळीच्या खालच्या पट्टीवर पाच मिनिटं वाकून लिहीत होता. मला वाटलं, बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं घालतोय. तो बाजूला झाल्यावर मी वाचलं. लिहिलं होतं: "बिडासाठी. आकुंचन धरलेलं आहे. पुन्हा धरू नये."

"ह्ये रं कशाला?" मी विचारलं.

"खिडकीतली कदीतरी गंजंल," रवळू म्हणाला, "शंबर वर्सांनी, दोनशे वर्सांनी. मग कुनीतरी हिच्यावरनं परत ओतंल. त्या पोरांनी चुकायला नको."